आप्पांचा अर्धा रस्ता

आप्पांनी एका गावाचा रस्ता चोरून नेला होता, ही गोष्ट खोटी आहे. आमच्या बांधकाम खात्यात लातूर भागात जो कुणी नवा येतो त्याला पहिल्याच आठवड्यात ती सांगतात, आणि सांगणारा बदलला की चोरलेल्या रस्त्याची लांबी वाढते. परवा एका लग्नात एका तरुण अभियंत्याने मला ती ऐकवली तेव्हा आप्पांनी मोरीसकट रस्ता नेलेला होता. मी हसून ऐकून घेतलं. खरं तर त्या प्रसंगाला मी हजर होतो. रस्ता दिवसाढवळ्या नेला होता, गावाच्या डोळ्यांदेखत नेला होता, आणि मुख्य म्हणजे परत आणून दिला होता.

आप्पांविषयी अशा बऱ्याच गोष्टी फिरतात. त्यातल्या काही लोकांनी रचल्या, काही आप्पांनी स्वतः रचल्या, आणि सगळ्यांत जास्त चाललेली मी रचली. ती मोडायची म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आप्पा म्हणजे नाव नव्हे. आमच्या लातूर-उदगीरकडे लिंगायतांच्या घरात कर्त्या माणसाला आप्पाच म्हणतात. मोंढ्यात उभं राहून ‘आप्पा’ म्हटलं तर अर्धा बाजार वळून बघतो. हे आप्पा उदगीरकडचे, रस्त्याची कंत्राटं घेणारे गुत्तेदार. भाऊ सगळे तुरीच्या डाळीच्या धंद्यात. डाळीच्या घरात डांबर कुठून शिरलं ते त्यांच्या वडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं म्हणे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर. डांबराच्या कामावर पांढरे कपडे कशाला घालता, असं मी एकदा विचारलं.

“डाग कुठल्या कामावरचा हाय ते कळाया नको का?” आप्पा म्हणाले, आणि धोतराचा सोगा उचलून मला निलंगा दाखवला, मग औराद दाखवलं.

त्यांच्याकडे जीप होती. पण रस्ता बघायला जायचं असलं की ते एस.टी.नं जात. मागच्या चाकावरची सीट धरायची, डोळे मिटायचे आणि बसायचं. त्यांचं म्हणणं असं, की जीपच्या गादीला खोटं बोलायची सवय असते, एस.टी.चं बाकडं खरं बोलतं. एकदा लातूरहून नांदेडला आम्ही असे गेलो. डोळे मिटून आप्पा एकेका तुकड्याचा निकाल देत होते.

“हितं खडी वली व्हती.” थोड्या वेळानं, “हितं रोलरवाला जेवाय गेल्ता.” मग एक अगदी गुळगुळीत पट्टा लागला. आप्पांचा चेहरा पडला.

“हे कुणाचं, आप्पा?”

“माझं न्हाई,” ते म्हणाले.

पुढे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की आप्पांचं डोकं वरच्या दांडीला लागलं. डोकं चोळत, डोळे मिटूनच ते म्हणाले, “हे माझं.”

आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. “डांबर मरत न्हाई, साहेब. रुसतंय.” वर्षानुवर्षं उन्हात पडून त्यातलं तेल उडून जातं, ते कडक होतं, तडकतं, आणि आपण ते मेलं म्हणून उपटून नाल्यात फेकतो. आप्पांना हे बघवत नसे. कुठं रस्ता खोदायला काढला की आप्पांची ट्रॅक्टर-ट्रॉली तिथं हजर. असं जमवत जमवत त्यांनी आपल्या डांबर-खडी मिसळायच्या प्लांटच्या मागं जुन्या डांबराचा ढीग केला होता. पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवे आणि शेजारपाजारच्या शेळ्या त्याच्या टोकावर जाऊन उभ्या राहत. भाऊबंद त्याला आप्पाचा डोंगर म्हणत. हा डोंगर एक दिवस वितळवून मी रस्त्यावर अंथरीन, असं आप्पा येईल त्याला सांगत.

रुसण्याचा हा नियम ते माणसांनाही लावत. धाकट्या भावानं बोलणं टाकलं तेव्हा आप्पा म्हणाले, “कडक झालाय. थोडं गरम करावं लागंल, मंग नरम पडंल.” आणि दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला अर्धा तास शिव्या दिल्या, मराठीत सुरू करून कन्नडात संपवल्या. भाऊ गरम झाला एवढं खरं. नरम पडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

डांबरातही ते पहिल्या झटक्यात शहाणे झाले, असं कुणी समजू नये. त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्या अंगणात केला. नुसतं जुनं डांबर फोडलं, तापवलं, अंथरलं, रोलर फिरवला. काळंभोर, चकचकीत अंगण झालं. पहिल्या थंडीतच ते असं तडकलं की चालताना पायाखाली कडाकडा वाजायचं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का आल्यागेल्याला दारातूनच सांगत, “बगून पाय टाका. आमच्या मालकानं अंगणात चिक्की थापलीया.”

त्याच अक्कांनी त्यांना वाट दाखवली, असं आप्पा म्हणत. एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही फोडणीची भाकरी खात होतो आणि आप्पा एकदम घास हातात धरून थांबले.

“आगं, ही कालची भाकर ना?”

“परवाची हाय. का?”

“मंग नरम कशी?”

“पाण्याचा हबका मारला, फोडणीला तेल जरा सढळ सोडलं.”

“किती सोडलंस?”

“भाकर कशी हाय ती बगून सोडायचं. त्येला काय माप असतंय व्हय? माप तुमच्या गुत्तेदारीत.”

त्या दिवसापासून आप्पांनी नुसतं जुनं वापरणं सोडलं. चारात एक भाग जुनं, बाकी नवी खडी, आणि वर नेहमीपेक्षा नरम नवं डांबर. जुनं जास्त कडक असेल तर त्याचा भाग कमी. ढिगातला खडा हातात घेऊन अंगठ्यानं दाबत, दगडावर आपटून बघत. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात हेच जरा अवघड करून लिहिलं होतं, पण आप्पांना ते सांगायची सोय नव्हती. पुस्तकानं आपलं चोरलं असं ते म्हणाले असते.

आता त्या चोरलेल्या रस्त्याचं. निलंग्याकडच्या एका गावात दर दोन-चार वर्षांनी जुन्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत करत रस्ता इतका वर आला होता की पावसाचं पाणी लोकांच्या उंबऱ्यावरून आत जाई. आप्पा म्हणाले, आधी खरवडू, मग करू. गाव हो म्हणालं. पण खरवडलेलं डांबर ट्रॉलीत भरून प्लांटकडे निघालं तसं गाव बिथरलं. पारावरच्या एका म्हातारीनं उठून ट्रॅक्टरपुढं बसकण मारली. तिच्या मागं दहा बाया येऊन बसल्या.

“मावशे, ऊठ. काम खोळंबलंय,” आप्पा म्हणाले.

“आमचा रस्ता कुठं न्यायलास?”

“न्हाऊ घालाय न्यायलो.”

“रस्त्याला न्हाऊ घालतेत व्हय? नवीनच ऐकायले, माय.”

“न्हाऊ घालून, तेल लावून, गरम-गरम परत आणून देतो. तुमचाच तुमाला.”

“आन न्हाई आणलास तर? वाट बगून डोळे पांढरे झाले तवा कुठं आलाय त्यो. जामीन ठिव कुणाला तरी.”

आप्पांनी इकडं-तिकडं बघितलं. रोलर पुढच्या कामाला हवा होता. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

“ह्ये ठिवतो,” ते म्हणाले. “इंजिनेर साहेब हायेत. सरकारी माल हाय, हरवला तर मलाच भरून द्यावा लागंल.”

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माल पसंत केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्या गावात जामीन म्हणून राहिलो. भाकरी, ठेचा, ताक, काही कमी पडू दिलं नाही. फक्त मी लघवीला उठलो तरी दोन माणसं बरोबर येत. वाफाळतं डांबर घेऊन पहिला टिपर गावात शिरला तेव्हा मला सोडलं. चोरीची कथा आहे ती एवढीच, आणि त्यात पळवलं गेलेलं कुणी असेल तर तो मी.

इथपर्यंतचं लिहायला मजा आली. पुढचं लिहायचं टाळत होतो.

जुनं डांबर वापरायला तेव्हा आमच्याकडे परवानगी नव्हती. आप्पा काम करायचे ते गावातल्या गल्ल्यांत, शेतरस्त्यांवर, कुणी विचारत नाही अशा ठिकाणी. त्यांना हवा होता मोठा रस्ता. कचेरीत येऊन ते मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर रोज बसत, आत बोलावलं की खिशातून डांबराचा खडा काढून टेबलावर ठेवत. शेवटी त्यांना गप्प करायला म्हणून साहेबांनी एक प्रयोग मंजूर केला. लातूर आणि नांदेडच्या हद्दीवरचा एक जोडरस्ता, त्याचा एक किलोमीटर. लातूरकडचा अर्धा जुनं डांबर मिसळून, नांदेडकडचा अर्धा सगळा नव्या मालाचा. दोन्ही आप्पांनीच करायचे, दोन्हींवर देखरेख माझी. दोन-तीन पावसाळे जाऊ द्यायचे, मग बघायचं. लातूरकडचा अर्धा टिकला तर पुढचा मोठा रस्ता आप्पांना जुन्या डांबरात करू द्यायचा. म्हणजे आप्पांचा सगळा डोंगर रस्त्यावर येणार होता. म्हातारपणी माणसाला दुसरं काय पाहिजे असतं, ते मला माहीत नाही. आप्पांना एवढंच पाहिजे होतं.

लातूरकडचा अर्धा होईस्तोवर आप्पा तिथून हलले नाहीत. खालची काळी माती उकरून मुरूम भरला, कडेचे नाले स्वतः उभं राहून काढून घेतले, प्रत्येक टिपरमध्ये हात घालून माल गरम आहे का ते बघितलं. हात भाजायचे, मग कन्नडात माल आणणाऱ्याचा उद्धार. नांदेडकडचा अर्धा सुरू झाला तेव्हा मात्र ते म्हणाले, “नव्याला काय बगायचं? ते काय रुसतंय थोडंच. तुमी हाव की.” आणि घरी गेले.

मी होतो, पण पूर्ण नव्हतो. त्या दिवशी जवळच्या गावात एका ओळखीच्या घरी पुरणाचं जेवण होतं. मी येईपर्यंत माल टाकू नका, असं सांगून मी गेलो. पुरणपोळीवरचं तूप थिजेना आणि माझा पाय निघेना. परत आलो तर टिपर रांगेत उभे, वरचा माल थंड पडलेला. रोलरवाला म्हणाला, “साहेब, गार झालंय, बसणार न्हाई.” मी म्हणालो, “चालव.” थंड डांबर रोलरखाली दबत नाही, नुसतं दबल्यासारखं दिसतं.

म्हणून मी जुनं डांबर म्हणजे अमृत आणि नवं म्हणजे विष, असं सांगत नाही. आप्पांच्या अर्ध्यात माल गरम पडला आणि पाणी काढून दिलेलं होतं. माझ्या अर्ध्यात माल गार पडला. डांबर जुनं की नवं, हे त्याच्या नंतर येतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मोठे साहेब बघायला आले. लातूरकडचा अर्धा जसाच्या तसा होता. नांदेडकडच्या अर्ध्याची चाळण झाली होती. आप्पा इतके खूश होते की त्यांनी हुरड्याचा घाट घातला. ओळखीच्या एका शेतात कोवळी ज्वारी होती, आणि ते शेत होतं नांदेडकडच्या टोकाला. आगटी पेटवून कणसं भाजायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. उष्णतेच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. त्यामुळे आप्पा आगटीपाशी राहिले आणि साहेबांना घेऊन मी रस्त्यावर आलो. नांदेडच्या टोकाकडून.

आमच्या खात्यात रस्ता नेहमी कचेरीच्या बाजूनं सुरू होतो. आम्ही लातूरचे, म्हणून आमचा रस्ता लातूरकडून मोजायचा. साहेबांनी जीपमधून उतरता उतरता विचारलं, “पहिला अर्धा जुन्या डांबराचा, दुसरा नव्याचा, असंच ना?” मी सवयीनं म्हणालो, “हो साहेब.” आणि साहेब जिथं उभे होते तिथूनच त्यांचा पहिला अर्धा सुरू झाला.

खड्डे चुकवत ते चालले. “बघा, ही तुमच्या आप्पांची करामत.” मध्यावर आले, पुढे सरळ, सपाट रस्ता. “आणि हे नवं. फरक आंधळ्यालाही कळेल.”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग लक्षात आलं, की फुटलेला अर्धा नव्या मालाचा म्हटलं की पुढचा प्रश्न येईल: मग फुटला का? माझी बढती त्याच महिन्यात व्हायची होती. तोंड उघडलेलंच होतं म्हणून मी त्यातून म्हणालो, “साहेब, हुरडा गार होईल.”

शेतात आप्पा तळहातांवर गरम कणसं चोळून दाणे काढत होते. साहेबांनी बसता बसताच सांगितलं, “आप्पा, तुमचा अर्धा गेला.”

आप्पा हसले. “साहेब, तुमी उलटीकडनं आलाव.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “काय हो? उलटं झालंय का?”

आप्पांनीही माझ्याकडे बघितलं. ओंजळ भरून दाणे तसेच धरलेले. ते अजून हसत होते, कारण उत्तर त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, “बघावं लागेल, साहेब.”

आमच्या खात्यात काम करणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हे म्हटल्यावर कुणी बघत नाही. साहेबांनी मान हलवली आणि भरताचं वाडगं पुढं ओढलं. आप्पांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी ओंजळीतले दाणे माझ्या पानात घातले, कारण पाहुण्याचं पान रिकामं ठेवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. मी ते खाल्ले.

नंतर रस्त्यावर फलक लागला: इकडे जुन्या डांबराचा, इकडे नव्याचा. उलटा. तो उभा करून घेतला मीच. मोठा रस्ता दुसऱ्याला गेला. आप्पांनी डोंगर फोडून आसपासच्या शेतरस्त्यांवर फुकट अंथरून टाकला आणि धंदा थोरल्या मुलाकडे दिला. कचेरीत काहीही मोडलं, पंखा, खुर्ची, कुणाचं लग्न, की ‘आप्पाचं डांबर’ म्हणायची पद्धत पडली. माझ्या निरोपसमारंभात मी स्वतः तो विनोद केला. माझ्या गुडघ्यांवर केला. लोक खूप हसले.

सुरुवातीची काही वर्षं आप्पा भेटेल त्याला सांगत होते, उलटं झालंय, उलटं झालंय. लोक म्हणायचे, म्हातारा हरलाय पण मानत नाही. मला वाटायचं, त्यांना तरी खरं माहीत आहे ना, मग झालं. माणूस स्वतःची समजूत कशानंही घालतो.

परवाच्या ज्या लग्नाचं वर लिहिलं तिथंच आप्पांचा थोरला भेटला. आता मोठ्या रस्त्यांवर रस्ता खरवडणारी यंत्रं आली आहेत आणि जुनं डांबर खातंच मागून वापरतं, त्याबद्दल तो बोलत होता. म्हणाला, “आप्पाला सांगितलं तर म्हणतेत, लोकाला जमलं, मला न्हाई जमलं.”

“अजून उलटं झालं म्हणतात का?”

“न्हाई काका. आता म्हणत न्हाईत. म्हणतेत, माझाच फुटला असंल, मी उगं हट्टाला पेटल्तो.”

पंगतीत माझ्यापुढं बुंदी होती. ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी उदगीरला गेलो. अक्का आता नाहीत. आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते, धोतर पांढरं, एकही डाग नसलेलं. त्यांच्या रीतीनं ‘शरणार्थ’ म्हणून पाया पडलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पुरणाच्या जेवणापासून ‘बघावं लागेल’पर्यंत.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “न्हाई साहेब. तुमचं कायतरी चुकायलंय. माझाच फुटला. सरकारी फलक हाय तितं.”

“तो फलक मीच लावला, आप्पा.”

“मंग तर खराच असणार. तुमी शिकलेले माणसं.”

“आप्पा, चेष्टा करू नका. मी तिथं होतो.”

“तवा बी व्हताव,” आप्पा म्हणाले.

थोरला खांबाला टेकून उभा होता. तो एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होता. शेवटी त्यानं गाडी काढली. मी कोपऱ्यातली पहार उचलून डिकीत टाकली. ह्या वयात पहार उचलायचा अधिकार मला नाही, असं माझी पाठ अजून सांगते आहे.

गाडी मी लातूरच्या टोकाकडून घ्यायला लावली आणि मध्यावर, फलकापाशी थांबवली. फलक गंजून गेला होता, अक्षरं उडालेली. लातूरकडचा अर्धा म्हातारा दिसत होता, कडेला विरलेला, मधून एखादं ठिगळ, पण धड. मी कडेचा कोपरा पहारीनं फोडला आणि ढेकूळ आप्पांच्या हातात दिलं. ते काठी टाकून कडेला उकिडवे बसले. ढेकूळ त्यांनी फिरवलं, थुंकी लावून अंगठ्यानं घासलं आणि एका जागी थांबले.

“हे काय हाय बगा.”

काळ्या डांबरात तांदळाएवढे पांढरे ठिपके होते. मला काही उमगलं नाही.

“उदगीरच्या चौकातलं हाय हे,” आप्पा हळू म्हणाले. “त्या येळी चौकातला रस्ता खरवडून आणल्ता. माणसं पार व्हायचे पांढरे पट्टे व्हते त्याच्यावर. रंगाचे तुकडे निवडून टाका म्हणून पोरांवर वरडलो मी. निवडले न्हाईत मेल्यांनी.” मग माझ्याकडे न बघता, “जावा, तिकडचं आणा.”

नांदेडकडच्या अर्ध्यावर वरून बरेच नवे थर पडून तेही उखडले होते, पण कडेला जुना थर उघडा होता. त्याचा तुकडा आणला. आत-बाहेर काळा. नव्या मालात पांढरा रंग येणार कुठून?

आप्पांनी दोन्ही तुकडे धोतरावर शेजारी-शेजारी ठेवले. धोतराला डाग पडला तरी ते बघत राहिले. थोरला जवळ येऊन बसला. त्यानं ठिपकेवाला तुकडा उचलला, बघितला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“म्हंजे मी बराबर व्हतो,” आप्पा म्हणाले.

“हो.”

“आन तुमाला ठावं व्हतं.”

“हो आप्पा.”

“लोकं खोटं म्हणाले त्येचं काय न्हाई,” ते म्हणाले. “पर मी मलाच खोटं म्हणाय लागल्तो, साहेब.”

त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. मराठीत, कन्नडात, कशातही. त्यांनी दिल्या नाहीत.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आमची गाडी अर्ध्या रस्त्यात होती आणि मागं माणसांनी खचाखच भरलेली एक काळी-पिवळी जीप येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “काय वो काका, रस्ता खोदायलाव का काय?”

आप्पांनी मला काठीनं टोचलं. “मला सांगून काय उपेग? मला पटलं. ह्येला सांगा.”

“ह्याला?”

“व्हय. सांगा.”

मी उठलो. पहार हातातच होती. जीपजवळ जाऊन उभा राहिलो. आतली माणसं गप्प झाली, कारण पहार घेतलेला म्हातारा काय करेल याचा भरवसा नसतो.

“हा रस्ता ह्या आप्पांनी केलेला आहे,” मी म्हणालो. “जुन्या डांबराचा. हा टिकलाय. यांचा फुटला, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, कारण मी खरं बोललो नाही.”

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला, मग कडेला बसलेल्या आप्पांकडे, मग पहारीकडे.

“मंग? आता टोल बसवायलाव का?”

जीपमध्ये हशा पिकला. मागून आप्पांचा आवाज आला, “नीट सांगा साहेब. कुठल्या अंगाचा अर्धा, ते ऱ्हायलं.”

“लातूरकडचा,” मी म्हणालो. “लातूरकडचा अर्धा यांचा. पुढचा माझा.”

“पुढं तर हाडं खिळखिळी होतेत,” मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली. “त्यो तुमचा व्हय?”

“हो, तो माझा.”

जीप आमच्या गाडीला वळसा घालून गेली. तिच्या मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. थोरला गाडी बाजूला घ्यायला निघाला, तर आप्पांनी त्याला हातानंच बस म्हटलं. मग ते बाभळीच्या सावलीत जरा सरकून बसले आणि काठीनं मला ट्रॅक्टर दाखवला.

मी हात वर केला.